बजेट चार लाख, माणसं सहा आणि वर गव्हाचं पोतं : परभणीत सेकंडहँड फॅमिली गाडी घेताना काय बघायचं?

"एमएच १२ पासिंग, फस्ट ओनर, डॉक्टरची गाडी, टायर नवे, एसी चिल्ड, एक रुपयाचं काम नाही. फक्त पेट्रोल टाका आणि चालवा."

परभणी जिल्ह्यात ज्याच्या मोबाइलमध्ये व्हॉट्सॲप आहे, त्याच्या नजरेखालून हा मेसेज एकदा तरी गेलेला असतो. पुण्यातल्या या डॉक्टरांच्या इतक्या गाड्या बाजारात आहेत की हे लोक दवाखान्यात कधी जातात, असा प्रश्न पडावा.

गमतीचा भाग सोडा. समजा मानवतजवळच्या एखाद्या गावातलं कुटुंब आहे. नवरा-बायको, दोन लेकरं आणि म्हातारे आई-वडील. वडिलांना महिन्यातून एकदा नांदेडला दवाखान्यात न्यायचं असतं. दिवाळीत पुण्याच्या भावाकडे जायचं असतं, आणि जाताना डिक्कीत गहू, ज्वारी, तुरीची डाळ घालायची असते. बजेट चार लाख. त्यातले दोन लाख सोयाबीन-कापसाचे, दोन लाख पतसंस्थेचे. एवढ्या पैशात नवी सात सीटर येत नाही, म्हणून सेकंडहँड. आणि इथं गाडी चुकली तर नुसती गाडी चुकत नाही, एका हंगामाची कमाई जाते आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

म्हणून हा विषय जरा नीट बघू.

आधी एक प्रश्न : डिक्कीवाली लांब गाडी गेली कुठं?

सहा माणसं आणि सामान म्हटलं की युरोपातला माणूस 'इस्टेट' गाडी बघतो. म्हणजे कारच, पण छप्पर मागेपर्यंत सरळ नेलेलं आणि मागं कपाटासारखी डिक्की. आपल्याकडंही हा प्रयोग झालाय. टाटांनी १९९२ मध्ये 'टाटा इस्टेट' नावाचीच गाडी आणली. पुढं मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली, २००४ मध्ये टाटा इंडिगो मरिना आली. एकही टिकली नाही.

एक कारण लोकांच्या डोक्यात होतं. लांब डिक्कीची गाडी म्हणजे अँब्युलन्स किंवा डिलिव्हरी व्हॅन, असं लोकांना वाटायचं. दुसरं कारण बजेटमध्ये होतं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली गेली. अट अशी की गाडीची लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. झालं. कंपन्यांनी गाड्या मागून कापायला सुरुवात केली. ज्याला जागा हवी त्याच्यासाठी मग उंच सात सीटर गाड्या आल्या आणि इस्टेट विस्मरणात गेली.

त्यामुळे आज परभणीत कुणी 'फॅमिलीसाठी मोठी गाडी' शोधत असेल तर त्याच्यासमोर एर्टिगा, ट्रायबर, ईको, बोलेरो, झायलो, टवेरा, गो प्लस, लॉजी, मोबिलिओ, एन्जॉय अशी यादी येते. इनोव्हासुद्धा येते, पण चार लाखांत येणारी इनोव्हा बहुतेक वेळा इतकी फिरलेली असते की तिनं पंढरपूरच्या वाऱ्या तुमच्यापेक्षा जास्त केलेल्या असतात.

यादीतली निम्मी नावं आधीच खोडायची

कारण साधं आहे. गाडी चांगली असणं वेगळं आणि ती तुमच्या तालुक्यात दुरुस्त होणं वेगळं.

टवेरा आणि एन्जॉय या शेवरोलेच्या गाड्या. जनरल मोटर्सनं २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं. गो प्लस डॅटसनची, आणि डॅटसन हा ब्रँड भारतात एप्रिल २०२२ मध्ये बंद झाला. होंडानं मोबिलिओ तीन वर्षांतच गुंडाळली. रेनॉची लॉजी २०२० मध्ये गेली. कंपनी गेली म्हणून पार्ट लगेच मिळेनासे होतात असं नाही. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड मिळतात. अडतं कुठं, तर दाराची काच, हेडलाइट, एखादा सेन्सर, इंजिनचा कंट्रोल युनिट इथं. मग गाडी आठ दिवस गॅरेजला उभी राहते आणि वडिलांच्या तारखेला पुन्हा दुसऱ्याची जीप सांगावी लागते.

या गाड्या स्वस्त मिळतात त्याचं कारण हेच आहे. टवेरा तर आजही जिल्ह्यात धावताना दिसते आणि तिचे जुने मिस्त्रीही आहेत. तुमच्या ओळखीचा मिस्त्री स्वतः टवेरा वापरत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी नको.

आता 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांसाठी खास सूचना. चार लाखांत जुनी फोक्सवॅगन किंवा तिच्याच ग्रुपमधली स्कोडा मिळते. दिसायला जबरदस्त, दार बंद केल्यावर आवाज असा येतो की मन विरघळतं. पण नवी असताना पंधरा-वीस लाखांची असलेली गाडी चार लाखांत मिळाली, तरी तिचे पार्ट पंधरा-वीस लाखांच्या गाडीचेच राहतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला तर खर्च लाखात जाऊ शकतो. घोषणा जर्मनीची असू द्या, गाडी अशी घ्या की जिच्या क्लचप्लेटसाठी संभाजीनगरला माणूस पाठवावा लागणार नाही.

उरलं काय? एर्टिगा, ट्रायबर, ईको, बोलेरो. आणि माणसं पाचच असतील तर वॅगन आर. ऐकायला कंटाळवाणी यादी आहे, पण ती कंटाळवाणी आहे म्हणूनच कामाची आहे.

एर्टिगा एप्रिल २०१२ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिचं नवं मॉडेल आलं. चार लाखांच्या बजेटमध्ये बहुतेक जुनंच मॉडेल बसतं. गाडी चालवायला कारसारखी, मधल्या सीटवर आई-वडील आरामात बसतात. पण तिसरी सीट उभी असताना जुन्या मॉडेलची डिक्की फक्त १३५ लिटरची आहे. म्हणजे सहा माणसं बसली की पोतं विसरा, दोन बॅगा बसल्या तरी खूप.

ट्रायबर ऑगस्ट २०१९ ची. चार मीटरच्या आत सात सीट बसवलेली गाडी. तिची खरी कमाल ही की मागची सीट पूर्ण काढून घरी ठेवता येते. सीट काढली की डिक्की ६२५ लिटरची होते, आणि सगळ्या सीट ठेवल्या तर उरते फक्त ८४ लिटर. इंजिन एक लिटरचं तीन सिलिंडर. सात माणसं, एसी आणि बालाघाटातला चढ एकत्र आले की ती दम खाते, हे घेणाऱ्यानं आधीच कबूल करून घ्यावं.

ईको २०१० पासून आहे. जागा भरपूर, यंत्र साधं, कुठल्याही गावात दुरुस्त. सुखसोयी जवळपास नाहीत. बोलेरो शेतातल्या रस्त्याला चांगली, पण म्हाताऱ्या माणसाला तीत चढायला स्टूल लागतं आणि मागं आडव्या बाकड्यांवर बसून पुण्यापर्यंत जायचं म्हणजे शिक्षा. वडिलांच्या गुडघ्यांना विचारल्याशिवाय बोलेरो घेऊ नये.

२०१९ ही तारीख लक्षात ठेवा

सेकंडहँड बाजारात लोक किलोमीटर बघतात, रंग बघतात, नंबर बघतात. एअरबॅग कुणी विचारत नाही. १ एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना एबीएस सक्तीचं झालं आणि १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांना लागू व्हायला २०२२ उजाडलं. त्याआधीच्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी.

ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०१६ साली विनाएअरबॅगच्या ईकोला शून्य स्टार मिळाले. एर्टिगाला २०१९ मध्ये तीन, ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्या माणसांसाठी चार. एकाच किमतीत २०१८ ची वरच्या मॉडेलची गाडी आणि २०१९ च्या शेवटची खालच्या मॉडेलची गाडी मिळत असेल, तर अलॉय व्हील आणि टचस्क्रीनला भुलण्याआधी एबीएस आणि एअरबॅग कुणात आहेत ते बघा. त्यासाठी आरसीवरचा उत्पादनाचा महिना वाचायचा, पासिंगची तारीख नाही.

पेट्रोल की डिझेल? परभणीत हा प्रश्न जरा जास्तच महाग आहे

सप्टेंबर २०१८ आठवतोय? परभणीतलं पेट्रोल लिटरमागे नव्वदीच्या घरात गेलं आणि परभणीचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल परभणीत, ही बातमी नंतरही अधूनमधून येतच राहिली. कारण भूगोलाचं आहे. इंधन मनमाडच्या डेपोतून टँकरनं तीनशेच्या आसपास किलोमीटर येतं आणि त्याचं भाडं दरात चढतं.

म्हणून इथला माणूस डिझेल गाडीकडं झुकतो. पण हिशोब करून बघा. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणं आहे असं धरू. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी १५ चं ॲव्हरेज देते, म्हणजे ४० लिटर, ४,२०० रुपये. डिझेल गाडी २० देते, म्हणजे ३० लिटर, २,७६० रुपये. फरक महिन्याला १,४४० रुपयांचा, वर्षाला सतरा हजारांचा. जुन्या डिझेलचे चारही इंजेक्टर किंवा टर्बो एकदा कामाला आला की एका वर्षाची बचत, कधी दोन वर्षांची, एका बिलात जाते. फिरणं महिन्याला १,२०० किलोमीटर असेल तर फरक वर्षाला चौतीस हजारांवर जातो आणि मग डिझेलचा विचार जमतो. आपलं फिरणं किती, हे मात्र खरं सांगायचं. गाडी घेण्याआधी प्रत्येकाला वाटतं की आपण दर रविवारी औंढा नागनाथला जाणार आहोत.

मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, त्यामुळे डिझेल एर्टिगा मिळाली तरी ती बीएस-४ आणि त्याआधीचीच असणार. पार्ट मिळतात, काळजीचं कारण नाही, पण वय मोजा. १५ वर्षांनी खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी नव्यानं करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी पाच हजार झाली, वर पर्यावरण कर आणि गाडी फिट करून दाखवण्याचा खर्च. २०१२ ची गाडी आज स्वस्त दिसते ती याच कारणानं.

सीएनजी घ्यायची असेल तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का आणि तिथली रांग किती, हे दोनदा जाऊन बघा. सिलिंडर डिक्की खातो, म्हणजे पोत्याचा प्रश्न परत आला. किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. सर्टिफिकेट मागा. 'करून देतो' या शब्दाला किंमत देऊ नका.

गाडी कुठून आली, हे तिच्या रंगापेक्षा महत्त्वाचं

एमएच २२ ची गाडी शेवटी ओळखीत निघते. कुणाची होती, कुठं ठोकली, लोक सांगतात. अडचण बाहेरून आलेल्या गाडीची असते, आणि बाजारात तीच जास्त असते.

पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या पांढऱ्या एर्टिगांमध्ये काही आधी टॅक्सी असतात. पिवळ्या प्लेटची गाडी कायदेशीररीत्या खासगी करता येते, त्यात गैर काही नाही. गैर हे की तीन लाख किलोमीटर पळालेली गाडी मीटर मागं फिरवून 'सत्तर हजार' म्हणून विकली जाते. मीटर खोटं बोलतं, पण गाडीचं बाकी अंग बोलत नाही. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची चमडी चकचकीत, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली आणि मीटरवर पन्नास हजार, असं जुळत नसतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर जुनी हिस्ट्री निघते. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून मागवून ती बघाच. शेवटची सर्व्हिस ९८ हजारांवर आणि आज मीटर ७२ हजारांवर असेल तर चहा पिऊन परत निघायचं.

दिल्लीच्या गाड्यांचा वेगळा किस्सा. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ मध्ये न्यायालयानं त्यात ढील दिली. पण मधल्या काळात तिथल्या गाड्या देशभर स्वस्तात पसरल्या. स्वस्त खऱ्याच, पण परराज्यातून आणलेल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर लागतो. हैदराबाद-निजामाबादकडून येणाऱ्या गाड्यांचंही तेच. लाखभर स्वस्त पडलेली गाडी हे सगळं केल्यावर इथल्याच भावाला येऊन बसते. न करता तशीच फिरवली तर पोलिसांनी हात दाखवला की कागद अपुरे.

आणि पूर. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा, चिपळूण-महाडचा जुलै २०२१ चा, नागपूरचा सप्टेंबर २०२३ चा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर मराठवाड्यातच घराघरात पाणी शिरलं. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-वाळवून, सीट कव्हर घालून, दोन जिल्हे ओलांडून विकली जाते. आधी काही कळत नाही. चार महिन्यांनी वायरिंग कुजायला लागतं, मग पॉवर विंडो बंद, मग मीटर बंद, मग भर रस्त्यात गाडी बंद.

ओळखायचं कसं? सगळ्या सीटबेल्टच्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढा. धुणारा माणूस गाडी धुतो, आत गुंडाळलेला बेल्ट सहसा धुत नाही. तिथं मातीची रेघ दिसते. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज बघा. गाडीत अत्तराचा वास फार येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा.

बघायला जाताना घरचे सगळे सोबत न्या

लोक टेस्ट ड्राइव्हला एकटे किंवा मिस्त्रीसोबत जातात. मिस्त्री तर हवाच. त्याला हजार-पाचशे रुपये द्यायला कचरू नका, चार लाखांच्या व्यवहारात तो सगळ्यात स्वस्त माणूस आहे. फक्त तो विकणाऱ्यानं सुचवलेला नसावा.

पण गाडी सहा माणसांसाठी घेताय तर सहा माणसं बसवून चालवा. रिकामी गाडी गुणी असते. भरलेली गाडी स्पीडब्रेकरला खाली घासते का, तिसऱ्या सीटवर लेकरांना एसी लागतो का, आईला मधल्या सीटवर चढता येतं का, हे अंगणात उभ्या गाडीकडं बघून कळत नाही. जमलं तर दुपारी बारानंतर जा. परभणीचं ऊन ४२-४३ च्या पुढं जातं. सकाळी नऊ वाजता थंडगार वाटणारा एसी दुपारी उभ्या गाडीत पंधरा मिनिटांत खरा रंग दाखवतो.

इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली होती, म्हणजे थंडीत सुरू व्हायला ती त्रास देत असू शकते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर पुढं बोलणंच नको, हेड गॅस्केटचं काम असण्याची शक्यता मोठी.

ठोकलेली गाडी रंगावरून नाही, बोल्टवरून ओळखतात. बॉनेटच्या बिजागरीचे आणि मडगार्डचे बोल्ट बघा. पाना लागल्याच्या खुणा असतील तर तो भाग कधीतरी उघडला आहे. मडगार्ड बदललं असेल तर हरकत नाही, आपल्याकडं बैलगाडी पण घासते. आतला सांगाडा, म्हणजे ॲप्रन आणि पिलर, वेल्डिंग करून सरळ केला असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी घरच्यांना त्यात बसवू नये. टायरवर चार आकडी नंबर असतो. ३५२१ म्हणजे २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. 'टायर नवे' या दाव्याचा निकाल तिथंच लागतो. डॅशबोर्डवर चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो.

आणि चार लाखांचं बजेट असेल तर गाडी साडेतीनची बघा. चार टायर, बॅटरी, क्लच, इन्शुरन्स यातलं दोन-तीन तरी पहिल्या सहा महिन्यांत निघतंच. भाव करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. त्या वेळी नवी ट्रायबर शोरूम किमतीत सहा लाखांच्या आत आली. त्यामुळे विकणारा 'मागच्या वर्षी अशीच गाडी साडेचारला गेली' म्हणत असेल तर त्याला नव्या गाडीचा आजचा भाव दाखवा.

बाँड म्हणजे मालकी नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त लोक जिथं झोपतात ते.

आपल्याकडं व्यवहार असा होतो. पैसे दिले, बाँडवर नोटरी केली, टीटी फॉर्मवर सह्या घेतल्या, चावी घेतली, नारळ फोडला. नावावर करायचं 'नंतर बघू'. कारण ट्रान्सफर झालं की पुढं विकताना 'सेकंड ओनर' लागतो आणि भाव पडतो. मग ती गाडी तिसऱ्याला, चौथ्याला जाते आणि आरसीवर नाव पहिल्याचंच.

असंच एक प्रकरण पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, निकाल फेब्रुवारी २०१८ चा. कार २००७ मध्ये विकली गेली, एका हातातून दुसऱ्या हातात गेली. २००९ मध्ये तिच्याकडून अपघात झाला. तेव्हाही रजिस्ट्रेशन पहिल्याच मालकाच्या नावावर होतं. न्यायालयानं सांगितलं की कायद्याच्या नजरेत ज्याचं नाव रजिस्ट्रेशनवर तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी विकून दोन वर्षं झालेला माणूस अडकला.

हे ऐकून घेणाऱ्याला वाटतं, अडकला तर विकणारा, आपलं काय जातं? जातं. गाडी तुमच्या नावावर नाही म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारू शकते. गाडीवर जुन्या मालकाचं कर्ज असेल तर फायनान्सवाला गाडी ओढून नेतो, तुमच्या बाँडकडं तो बघतही नाही. आणि जुना मालक वारला तर फॉर्म ३१ घेऊन त्याच्या वारसांच्या दारात उभं राहावं लागतं, ज्यांना तुम्ही कोण हेही माहीत नसतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ म्हणजे 'मी विकली', फॉर्म ३० म्हणजे 'नाव बदलून द्या'. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आधी एचपी उतरवायची. 'कर्ज फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय' असं कुणी म्हटलं तर ते काढून झाल्यावर पैसे द्या.

यातलं बरंच घरी बसून तपासता येतं. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, कितवा मालक, बोजा, विमा, फिटनेसची तारीख दिसते. ई-चलन वेगळं तपासा. पुण्यातल्या सिग्नलवरची वीस चलनं थकलेली असली की ट्रान्सफर अडतं आणि भरायची कुणी यावरून वाद होतो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट, बसवली आहे का हेही विचारा. आणि एक बारीक गोष्ट : आरसीला जोडलेला मालकाचा मोबाइल नंबर चालू आहे का? ट्रान्सफरच्या अर्जाचा ओटीपी त्यावर जातो. सिम बंद असेल तर पुढचे पंधरा दिवस एजंटच्या मागं.

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडं आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंदही ऑनलाइन करावी लागते. रस्त्याच्या कडेला चार गाड्या लावून बसलेल्या प्रत्येकाकडं ते असेलच असं नाही.

फेसबुकवर 'फौजी आहे, बदली झाली, गाडी विमानतळाच्या पार्किंगला आहे, टोकन पाठवा' असा मेसेज आला तर गाडीही नाही आणि फौजीही नाही. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि आरसीवरच्या माणसाला भेटल्याशिवाय पाचशे रुपयेसुद्धा पाठवायचे नाहीत.

पैसे देण्याची पद्धत ठरवून घ्या. टोकन थोडं, मोठी रक्कम कागद पूर्ण झाल्यावर बँकेतून, आणि वीस-पंचवीस हजार तरी नाव बदलल्याचं वाहन पोर्टलवर दिसेपर्यंत थांबवून. विकणारा ओळखीचा असेल तर हे म्हणायला जड जातं. तरी म्हणा. पाहुण्यांत घेतलेल्या गाडीवरून झालेली भांडणं जास्त काळ चालतात.

विम्याचंही तेच. थर्ड पार्टी कव्हर गाडीसोबत येतं, पण स्वतःच्या नुकसानीचं कव्हर आपल्या नावावर करायला १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यावा लागतो. 'पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे, तुम्हालाच फायदा' हे विकणाऱ्याचं वाक्य खोटं आहे. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी नावावर करताना तो फरक कंपनी तुमच्याकडूनच वसूल करते.

सगळं झालं, आरसी पोस्टानं घरी आली, तरी काचेवर एक गोष्ट चिकटलेली राहते : जुन्या मालकाचा फास्टॅग. एका गाडीला एकच टॅग चालतो, त्यामुळे त्यानं तो बंद करेपर्यंत तुमचा नवा निघत नाही. चावी हातात घेतानाच, त्याच्या समोर, त्याच्याच मोबाइलवरून तो बंद करून घ्या. नाहीतर दिवाळीत तुम्ही पुण्याला निघता, टोलवर पैसे त्याच्या खात्यातून कटतात, आणि लेकरं मागच्या सीटवर झोपलेली असताना डॉक्टरसाहेबांचा फोन येतो.